कुलपात ओतलेले शिसे

शिसे 327 अंशांवर वितळते. धातूंच्या जगात ही अगदी किरकोळ उष्णता. लोखंड वितळवायला भट्टी लागते, भाता लागतो, कसबी माणसे लागतात. शिसे मात्र साध्या लाकडांच्या आगीवर, पळीसारख्या भांड्यात पाण्यासारखे होते. ते कुलपाच्या छिद्रात ओतले की आतल्या प्रत्येक खाचेत शिरते, काही क्षणांत थिजते, आणि मग त्या कुलपाची स्वतःची किल्लीसुद्धा त्याला उघडू शकत नाही.

सन 1524च्या सप्टेंबरात बाल्टिक समुद्राकाठच्या एका शहरात कुणीतरी नेमके हेच केले, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शहराचे तेव्हाचे नाव रेव्हाल, आजचे टालिन, म्हणजे एस्टोनियाची राजधानी. मार्टिन ल्यूथरची शिकवण तिथे पोचली होती. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे ही मूर्तिपूजाच आहे, असे मानणारा संतप्त जमाव रस्त्यावर उतरला होता. डोमिनिकन संन्याशांचा मठ लुटला गेला. आणखी दोन चर्चमध्ये घुसून लोकांनी वेद्या फोडल्या, संतांच्या मूर्ती तोडल्या. मग जमाव संत निकोलसच्या चर्चकडे वळला. तिथल्या मंडळींच्या प्रमुखाने दारांच्या कुलपांत वितळलेले शिसे ओतून ठेवले होते. दारे उघडेनात. राग ओसरेपर्यंत ती तशीच राहिली.

कुलपाची ही हकीकत शब्दशः तशीच घडली असो वा नसो, तिचा परिणाम आजही डोळ्यांनी पाहता येतो. त्या वर्षी आत असलेल्या वस्तूंपैकी कितीतरी अजून त्याच छताखाली आहेत. आज त्या इमारतीला निगुलिस्ते संग्रहालय म्हणतात. ते एस्टोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयाची शाखा आहे आणि तिथे फक्त धार्मिक कला मांडलेली आहे. रोजची उपासना तिथे थांबून आठ दशके उलटली. बाकी तिथे बहुतेक सगळे आहे: वेदी, संत, समाध्या, ऑर्गन, घंटाघर.

आधी ही इमारत कुणाची, ते पाहू. साधारण 1230च्या सुमाराला गॉटलंड बेटावरून आलेल्या जर्मन व्यापाऱ्यांनी ती उभी केली. निकोलस हा दर्यावर्दींचा आणि व्यापाऱ्यांचा पाठीराखा संत. लाल कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज ज्याच्यावरून निघाला तो हाच. या व्यापाऱ्यांसाठी चर्च म्हणजे प्रार्थनास्थळ तर होतेच, पण किल्ला आणि गोदामही होते. शहराला अजून भक्कम तट नव्हता, म्हणून संकटात आसरा घ्यायला दगडी भिंतींची ही जागा होती आणि कमानीदार छतावरच्या माळ्यावर माल ठेवता येई. पुढे शहराचा तट पूर्ण झाला तेव्हा किल्ल्याचे काम उरले नाही. 1405 ते 1420 या काळात मधला भाग उंच करून घेतला आणि इमारतीला आजचा डौल आला. सगळे बांधकाम करड्या चुनखडीचे. हा दगड टालिनच्या पायाखालीच मिळतो, आणि जुन्या शहराचा जवळपास सगळा रंग त्याचाच आहे.

हे व्यापारी हान्सा संघातले. लंडनपासून रशियातल्या नोव्हगोरोदपर्यंत मीठ, मासे, मेण, कातडी, लोकर यांची ने-आण त्यांच्या हातात होती. संघाची राणी म्हणजे ल्यूबेक शहर. टालिनचे कायदे ल्यूबेकचे, बोलीही तिथलीच, उत्तर जर्मनीची खालची जर्मन. श्रीमंती मुरली की देवाला काहीतरी अर्पण करायचे, आणि ते साऱ्या शहराच्या नजरेत भरेल असे करायचे, ही माणसाची जुनी रीत. 1478मध्ये त्यांनी ल्यूबेकच्या हेर्मेन रोडे या चित्रकाराच्या कार्यशाळेला मुख्य वेदीसाठी काम सांगितले. तीन वर्षांनी, 1481मध्ये, ते समुद्रमार्गे आले.

संग्रहालयात गेल्यावर पाऊल जिथे थांबते ते याच वेदीपाशी. पूर्ण उघडली की ती सहा मीटरांहून अधिक रुंद भरते. दोन ओळींत, कोरीव जाळीच्या मखरांखाली, चाळीसहून अधिक लाकडी संत उभे आहेत. सोन्याच्या मुलाम्याने सगळा दर्शनी भाग झळाळतो. प्रत्येक संताच्या हातात त्याची खूण: कुणाच्या हाती किल्ली, कुणाच्या तलवार, कुणाच्या चाक. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खुणेवरून संत ओळखता येई.

खरी गंमत मात्र तिच्या बिजागऱ्यांत आहे. ही वेदी म्हणजे दुहेरी पंखांचे एक प्रचंड कपाट. तिला तीन रूपे आहेत. पंख पूर्ण मिटले की बाहेर दिसतात मोठ्या आकाराचे रंगवलेले संत. पहिली जोडी उघडली की समोर येते चित्रमालिका: निकोलसच्या आणि व्हिक्टर या दुसऱ्या संताच्या कथा. दुसरी जोडी उघडली की मगच तो सोनेरी मूर्तींचा दरबार दिसतो. अशा वेद्या मध्ययुगात वर्षभर उघड्या नसत. साध्या दिवसांत त्या मिटलेल्या असत, आणि सोन्याचे रूप ठेवणीतले, नाताळ-ईस्टरसारख्या थोरल्या सणांचे. आपल्याकडे गाभाऱ्याचे दार ठरल्या वेळी उघडते आणि दारापुढची गर्दी एकदम सावरून उभी राहते, तसे काहीसे तिथे होत असणार. त्यातही फरक हा की तिथे दर्शनासाठी थांबायचे ते कधी कधी महिनोन्‌महिने.

ज्याला वर्षातून मोजक्याच वेळा तो दरबार दिसत होता, तो बघायचा कुठून? लांबून. वेदीजवळची जागा धर्मगुरूंची. सामान्य माणूस मागे, धूप आणि मेणबत्त्यांच्या धुरातून पाहणारा. आज तिकीट काढून आत जाणारा प्रवासी त्या वेदीसमोर जितका जवळ उभा राहतो, तितका जवळ 1481मधला टालिनचा कोळी आयुष्यात कधी गेला नसेल. चर्चचे संग्रहालय झाले की काय गमावते, यावर पुष्कळ बोलले जाते आणि ते खरेही आहे. पण मिळते काय, तेही याच जागी समजते. चित्रकाराने जे बारीक काम कुणाला दिसेल न दिसेल याची पर्वा न करता केले होते, ते आता दिसते. निकोलसच्या कथेत वादळात सापडलेले जहाज आहे. ते रोडेने कल्पनेने काढलेले नाही. ल्यूबेकच्या धक्क्यावर रोज दिसणाऱ्या जहाजासारखे ते आहे, त्यातले खलाशी घाबरलेले आहेत, आणि ज्या व्यापाऱ्यांनी या चित्राचे पैसे भरले त्यांचा सगळा माल तशाच जहाजांतून येत-जात होता.

2013 ते 2016 या काळात या वेदीची फार बारकाईने तपासणी झाली. जुन्या चित्रांच्या अभ्यासात वापरतात ती एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. आपल्या डोळ्यांना दिसतो त्याहून लांब लहरींचा प्रकाश, म्हणजे अवरक्त किरण, चित्रावर टाकतात. बरेचसे रंग या किरणांना अडवत नाहीत, ते आरपार जातात. खाली खडूचा पांढरा थर असतो, तो किरणांना परत पाठवतो. पण चित्रकाराने आधी काळ्या शाईने किंवा कोळशाने काढलेली रेघ मात्र कार्बनची असते, आणि कार्बन हे किरण गिळून टाकतो. त्यामुळे विशेष कॅमेऱ्यात रंग विरघळल्यासारखे होतात आणि पाचशे वर्षांपूर्वीचे कच्चे रेखाटन वर येते. हात कुठे सरकवला, चेहरा किती वळवला, कुठली घडी आधी होती आणि मग सोडून दिली, हे सगळे. जे कायमचे झाकले अशी चित्रकाराची समजूत होती, ते त्याच्या मनात चाललेले काम असे पाहायला मिळावे, याचे मला अजून नवल वाटते.

लाकडाची गोष्ट तर आणखी गोड. पंधराव्या शतकात ब्रुज, अँटवर्प अशा फ्लँडर्सच्या शहरांतले चित्रकार ज्या फळ्यांवर रंगवत, त्या बहुतेक बाल्टिक प्रदेशातल्या ओकच्या. थंड मुलखात झाड सावकाश वाढते, वर्षवलये अगदी जवळजवळ येतात, फळी सरळ चिरते आणि सहजी वाकत नाही. म्हणून जहाजे भरभरून ओक पश्चिमेला जाई. आणि परतीच्या वाटेवर त्याच समुद्रातून रंगवलेल्या वेद्या पूर्वेला येत. निगुलिस्तेत ब्रुजहून आलेली अशी एक वेदी आहे, 1490च्या दशकातली. ती मागवली होती ‘काळी डोकी’ असे नाव असलेल्या संघाने. हे अविवाहित, बहुधा परदेशी व्यापारी. त्यांचा संरक्षक संत मॉरिस हा आफ्रिकी योद्धा, काळ्या वर्णाचा. संघाच्या चिन्हावर त्याचेच मस्तक. त्या वेदीच्या मध्यभागी मरियामाता बाळासह बसली आहे आणि बाजूला चिलखत घातलेला मॉरिस उभा आहे. बाहेरच्या एका रूपात संघाचे तीस सभासद गुडघे टेकून बसलेले दिसतात. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. वर्गणी भरली आहे तर चित्रात जागाही हवी, ही इच्छा पाचशे वर्षांपूर्वीही तितकीच प्रामाणिक होती.

ही वेदी मुळात निगुलिस्तेची नव्हे. ती डोमिनिकन मठाच्या चर्चमध्ये होती, म्हणजे जमावाने 1524मध्ये जे फोडले त्यात. संघाच्या लोकांनी ती वेळीच उचलून आपल्या घरात नेली, म्हणून वाचली. मूर्तिभंजनाच्या एकाच लाटेतून वाचलेल्या दोन वेद्या, एक शिशाच्या कुलपामागे राहिलेली आणि दुसरी माणसांच्या हातांनी बाहेर काढलेली, आता एकाच इमारतीत आहेत.

त्या दिवसानंतर निगुलिस्तेत जे झाले ते मला फोडाफोडीपेक्षा अधिक विलक्षण वाटते. चर्च ल्यूथरपंथी झाले. मरियेची आळवणी बंद झाली, संतांकडे मागणे मागणे बंद झाले. तरी चाळीस संत वेदीवर उभेच राहिले. तीनशे, चारशे वर्षे त्यांच्यासमोर प्रार्थना करणाऱ्या लोकांचा त्या मूर्तींवर विश्वास नव्हता, आणि त्यांनी त्या काढल्याही नाहीत. म्हणजे या वस्तू ‘कला’ म्हणून पाहिल्या जाणे 1984मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा सुरू झाले, असे म्हणता येत नाही. ते याच चर्चमध्ये, प्रवचने ऐकता ऐकता, फार आधी सुरू झाले होते.

एका पाहुण्याबद्दल इथे सांगितलेच पाहिजे. शार्ल युजेन द क्रोई हा ड्यूक, रशियाच्या पीटर झारच्या सैन्याचा सेनापती. 1700मध्ये नार्वाच्या लढाईत स्वीडनच्या तरुण राजापुढे त्याला शरण जावे लागले. कैदी म्हणून तो टालिनमध्ये राहिला, थाटात राहिला, उधारीवर राहिला. 1702मध्ये वारला तेव्हा शहरातल्या सावकारांचे पैसे अंगावर होते. जुन्या कायद्याचा आधार घेऊन सावकारांनी त्याचे दफन अडवले: आधी कर्ज फेडा, मग माती द्या. देह निगुलिस्तेत ठेवला गेला. तिथल्या कोरड्या हवेत तो कुजला नाही, वाळला. एकोणिसाव्या शतकात तर मखमली झगा आणि केसांचा टोप घातलेल्या या ड्यूकला बघायला लोक मुद्दाम येऊ लागले. अखेर 1897मध्ये त्याला माती मिळाली. मरणानंतर 195 वर्षे तो कर्जदारच होता.

आता विसावे शतक. निगुलिस्तेची मंडळी मुख्यतः जर्मनभाषक, त्या तेराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांच्या परंपरेतली. 1939मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला, बाल्टिक देश सोव्हिएत संघाच्या वाट्याला गेले, आणि हिटलरने तिथल्या जर्मनांना जर्मनीच्या ताब्यातल्या मुलखात बोलावून घेतले. सात शतकांची वस्ती काही महिन्यांत बोटींवर चढली. चर्चची उपासना थांबते तेव्हा कारण बहुधा श्रद्धा कमी होणे असते, असे आपण धरून चालतो. इथे श्रद्धाळूच शहर सोडून गेले.

मग युद्ध आले. वेद्या, झुंबरे, चित्रे आधीच काढून सुरक्षित ठिकाणी हलवली होती. 9 मार्च 1944च्या रात्री सोव्हिएत विमानांनी टालिनवर बॉम्ब टाकले. निगुलिस्ते पेटले. मनोऱ्याचा कळस कोसळला, आत राहिलेले लाकडी सामान जळाले, उरल्या त्या काळवंडलेल्या भिंती. ज्या राज्याच्या विमानांनी ते पाडले त्याच राज्याने, देव न मानणाऱ्या राज्याने, 1953पासून ते पुन्हा बांधायला घेतले. जवळपास तीन दशके काम चालले. ते संपत आले असताना 1982च्या ऑक्टोबरात मनोऱ्याला पुन्हा आग लागली. पुन्हा बांधले. 1984मध्ये दारे उघडली ती संग्रहालय आणि संगीतसभागृह म्हणून. कळस आता पोलादी सांगाड्याचा आहे, जमिनीपासून 105 मीटर उंच.

संगीत का, हे आत उभे राहिल्यावर कळते. दगड आवाज पीत नाही, परत फेकतो. उंच कमानी, कठीण फरशी, पडदे नाहीत, गाद्या नाहीत. ऑर्गनचा स्वर थांबल्यावरही कितीतरी वेळ हवेत राहतो, पुढचा स्वर त्याच्यावर चढतो. संगीतकार बाखने लिहिले ते अशाच इमारती कानात ठेवून. नव्या सभागृहात तेच वाजवले तर स्वच्छ ऐकू येते, पण स्वरांचे एकमेकांत मुरणे हरवते. सोव्हिएत काळात धर्मोपदेशावर कडक नजर होती आणि बाखच्या संगीतावर नव्हती. म्हणून ज्या वास्तूत प्रार्थना होऊ शकत नव्हती तिथे प्रार्थनेसाठी रचलेले संगीत सरकारी परवानगीने, चेक बनावटीच्या नव्या ऑर्गनवर वाजू लागले. 1991मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. अनेक चर्च उपासकांकडे परत गेली. निगुलिस्ते मात्र संग्रहालयच राहिले आणि ऑर्गनवादन आजही चालू आहे.

देवाची वस्तू संग्रहालयात गेली की ती काय होते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात विष्णूच्या किंवा बुद्धाच्या मूर्तीसमोर हळूच हात जोडणारा माणूस पाहिला नाही असा कोण असेल? गोव्यात तर अगदी या विषयातलीच वास्तू आहे. जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवर सतराव्या शतकात उभा राहिलेला सांता मोनिका हा जोगिणींचा मठ. तिथे आता ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. ते 1994मध्ये राशोलच्या धर्मविद्यालयात सुरू झाले आणि 2002मध्ये या मठात आले. चांदीचा पेलिकन पक्षी, हस्तिदंती येशू, भरजरी झगे: कल्पना युरोपातून आलेली, हात गोव्यातल्या कारागिरांचे. बाळ येशूचे डोळे, केसांची वळणे, पानाफुलांची नक्षी नीट पाहिली की देवळाच्या कोरीव कामात रुळलेली बोटे ओळखू येतात. जर्मनीतल्या कोलोन शहरात संत सिसिलियाच्या बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये 1956पासून श्न्यूटगेन संग्रहालय आहे, आणि तेही मध्ययुगीन धार्मिक कलेचेच. अशा जागा जगात बऱ्याच आहेत. तरी निगुलिस्ते मला सगळ्यांत वेगळे वाटते, आणि त्याचे कारण एक कापड आहे.

वेदीपासून थोडे बाजूला संत अँथनीचे उपमंदिर आहे. तिथल्या भिंतीवर एक लांबलचक चित्र आहे, साडेसात मीटर लांब, दीड मीटरहून थोडे अधिक उंच. बर्न्ट नोटके या ल्यूबेकच्या चित्रकाराचे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. नाव ‘मृत्यूचे नृत्य’. डाव्या टोकाला प्रवचनपीठावर एक उपदेशक आहे. त्याच्या पायाशी एक सांगाडा बसून मशकवाद्य वाजवतो आहे. दुसरा सांगाडा खांद्यावर शवपेटी घेऊन पुढे निघाला आहे आणि त्याने हात धरला आहे पोपचा. मग पुन्हा सांगाडा, मग सम्राट. सांगाडा, सम्राज्ञी. सांगाडा, कार्डिनल. सांगाडा, राजा. हातात हात, एक साखळी. मागे हिरवी टेकाडे, वस्ती, नेहमीचा चांगला दिवस.

जिवंत माणसे नाचत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचे पाय जड आहेत, झगे दगडासारखे खाली लोंबताहेत. चपळाई सगळी सांगाड्यांच्या अंगात. गुडघे वाकवून, एक पाय उचलून तेच नाचतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, जिथे चेहराच उरलेला नाही तिथे, एक प्रकारची मौज आहे. खाली खालच्या जर्मन भाषेत ओळी आहेत. प्रत्येक माणूस मृत्यूशी बोलतो, सवलत मागतो, तयारी झाली नाही म्हणतो. मृत्यू त्याला उत्तर देतो आणि पुढच्याला हाक मारतो. लोकांची रोजची बोली ती. लॅटिन नव्हे. चर्चमध्ये येणाऱ्या व्यापाऱ्याला, खलाशाला, बायकांना हे संवाद आपापसात बोलल्यासारखे कळत असणार.

असे चित्र काढावेसे का वाटले, याचे उत्तर चौदाव्या शतकाच्या मध्यात आहे. 1348पासून दोन-तीन वर्षांत प्लेगने युरोपातली फार मोठी लोकसंख्या नेली, आणि त्यानंतरही तो दर काही वर्षांनी परत येत राहिला. बंदरांना सगळ्यांत आधी गाठत होता, कारण माल जिथे उतरे तिथेच तोही उतरे. नोटकेने असेच चित्र आधी ल्यूबेकच्या मरियाचर्चसाठी 1463मध्ये केले होते. पुढच्याच वर्षी त्या शहरात प्लेगची साथ आली. ते चित्र सुमारे तीस मीटर लांब होते, उपमंदिराच्या भिंतींवर चहूबाजूंनी फिरलेले, म्हणजे मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाभोवतीच त्या साखळीने फेर धरलेला. टालिनचे चित्रही मुळात तेवढेच असावे, असे मानतात. त्यातला सुरुवातीचा भाग तेवढा उरला आहे.

ल्यूबेकचे मूळ कापड जीर्ण झाल्यावर 1701मध्ये त्याच्या जागी नवी प्रत रंगवून लावली. ती प्रत 1942च्या मार्चमध्ये, ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात मरियाचर्चसकट जळाली. दोन वर्षांनी, पुन्हा मार्चमध्येच, निगुलिस्ते जळाले. पण टालिनचे कापड तिथे नव्हते, आधीच हलवलेले होते. 1960च्या दशकात मॉस्कोत त्यावरची शतकांची काजळी आणि नंतरचे रंगकाम उतरवले गेले, आणि नोटकेचे हिरवे, लाल, जांभळे रंग पुन्हा दिसू लागले. त्याच्या हातच्या या नृत्याचे जगात उरलेले रूप म्हणजे हे साडेसात मीटर.

टालिनचे चित्र राजापाशी तुटते. पुढे कोण होते ते ल्यूबेकमुळे कळते, कारण 1942पूर्वी तिथल्या प्रतीची कृष्णधवल छायाचित्रे काढून ठेवलेली होती. साखळी पुढे कितीतरी लांब जाते: बिशप, नगराध्यक्ष, वैद्य, सावकार, व्यापारी, शेतकरी, तरुण मुलगी, आणि शेवटी पाळण्यातले मूल. पोपपासून राजापर्यंतची मंडळी टालिनच्या माणसाने कधी पाहिली नव्हती, त्यांना पाहून तो फार तर हसला असेल. त्याला स्वतःला ज्यात ओळखता आले असते तो सगळा भाग गेला. ज्यांनी हे चर्च बांधले, चित्राचे पैसे मोजले, छतावर मीठ आणि मेण साठवले, ते व्यापारी त्या गेलेल्या कापडात होते. ड्यूकला माती देऊ न देणारे ज्या जातीचे, ते सावकारही त्यातच होते. अभ्यासक ल्यूबेकची ती छायाचित्रे शेजारी ठेवून टालिनचा उरलेला भाग वाचतात, कुठल्या आकृतीचा हात पुढे कुणाच्या हातात असेल ते जुळवतात. राजाचा हात त्या जुळणीत एका बिशपाला नेणाऱ्या मृत्यूच्या हातात पडतो.